तक्रार प्रवर्ग 'अ' : घोरणे

माणूस जे काही करतो, त्याचा पहिला साक्षीदार तो स्वतः असतो. चोराला आपण चोरी करतोय हे ठाऊक असतं, थापा मारणाऱ्याला त्या थापा आहेत हे ठाऊक असतं, आणि बेसूर गाणाऱ्यालासुद्धा आतून कुठेतरी शंका आलेलीच असते. घोरणं ही एकच कृती अशी आहे, जी माणूस जीव ओतून करतो आणि तरीही घटनास्थळी हजर नसतो. त्यामुळे घोरण्याचा आरोप कायम ऐकीव माहितीवर उभा असतो. आणि ऐकीव माहितीवरून निर्णय घेऊ नये, हे कोणत्याही जबाबदार कार्यालयाचं पहिलं तत्त्व आहे.

मी अशाच एका जबाबदार कार्यालयात सत्तावीस वर्षं आहे. आमची कंपनी इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल करते आणि मी तिच्या तक्रार निवारण कक्षाचा प्रमुख आहे. (कक्षात मी, एक फोन, तीन कपाटं आणि एक खिडकी आहे. खिडकी उघडत नाही. तिच्याबद्दलची तक्रार माझ्याकडेच आलेली असून ती विचाराधीन आहे.) तक्रार आली की ती दूर करायची असते, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. तो बरोबर नाही. तक्रार आली की आधी तिचा प्रवर्ग ठरवायचा असतो. प्रवर्ग बरोबर ठरला की तक्रारीतला निम्मा जोर आपोआप जातो, आणि उरलेला निम्मा तक्रारदाराचा जातो.

आमच्याकडे प्रवर्ग तीन आहेत. प्रवर्ग 'अ' म्हणजे आवाज. मुदत तीस दिवस. प्रवर्ग 'ब' म्हणजे दार. मुदत सात दिवस. प्रवर्ग 'क' म्हणजे मध्येच थांबणे. मुदत एक तास. 'क'ची तक्रार आली की आमचे मिस्त्री हातातला घास टाकून निघतात, कारण आत माणूस अडकलेला असतो. 'अ'ला तशी घाई नसते. जी लिफ्ट आवाज करते ती चालू असते, आणि चालू वस्तूबद्दल तक्रार करणं हा थोडासा कृतघ्नपणाच आहे, असं कक्षाचं मत आहे. कक्षाचं मत म्हणजे माझं.

गेल्या वर्षी प्रवर्ग 'अ'मध्ये ८१२ तक्रारी आल्या. त्यांपैकी ५४० 'निरीक्षणाच्या वेळी आवाज आढळला नाही' या शेऱ्याने निकाली निघाल्या. १९० तक्रारदारांना आवाजाची सवय झाली. ८१ जणांनी घर बदललं. उरलेली एक तक्रार मिस्त्रींनी परस्पर तेल घालून दूर केली, त्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवला आहे.

एवढी पार्श्वभूमी सांगायचं कारण म्हणजे, माझ्या घोरण्याची तक्रार एका अननुभवी माणसापुढे गेली नव्हती, हे वाचणाऱ्याच्या लक्षात यावं.

तक्रारदार माझी पत्नी. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचं बोलणं मोजकं असतं आणि तिला पायऱ्या गाळलेल्या चालत नाहीत. बारा वर्षांपूर्वी, मुलगी दहावीत असताना, एका सकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "अहो, रात्री तुम्ही फार घोरता. आणि मग..."

"घोरतो," मी म्हटलं. "मुद्दा कळला. नोंद घेतो."

इथे कार्यपद्धतीचा एक बारकावा सांगायला हवा. तक्रारदाराच्या पहिल्या वाक्यात तक्रार असते. दुसऱ्या वाक्यापासून भावना सुरू होतात. 'आणि मग' म्हणून जे काही येतं ते ऐकत बसलं, तर सत्तावीस वर्षांत सत्तावीस तक्रारीसुद्धा निकाली निघणार नाहीत. घोरणं हा आवाज आहे. आवाज म्हणजे प्रवर्ग 'अ'. चहा निवायच्या आत प्रवर्ग ठरला, याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला होता.

त्यानंतर नियमाप्रमाणे निरीक्षण झालं. सलग चार रविवार मी स्वतःकडे लक्ष देऊन ऐकलं. जागेपणी मी एकदाही घोरलो नाही. तसा शेरा मारला आणि तक्रार निकाली काढली.

पण काही तक्रारदार चिवट असतात. पत्नीने स्मरणपत्रं पाठवायला सुरुवात केली. ही स्मरणपत्रं लेखी नसत. ती झोपेत, डाव्या बरगडीच्या खाली, कोपराने दिली जात. एका रात्रीत किती येत ते मला सांगता येणार नाही, कारण ती मला पोचत तेव्हा मी दचकून एक मोठा श्वास घेई, कूस बदले आणि पुन्हा झोपी जाई. सकाळी बरगडी दुखे, एवढीच पोच. शेवटी मी तिच्याविरुद्ध एक प्रतितक्रार केली. "अगं, तक्रार समजू शकतो, पण मारहाण नको," मी म्हटलं. ती वह्या तपासत होती. त्या वर्षी तिने एका मुलीला शंभरपैकी एकशेचार मार्क दिले होते आणि मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं होतं. शिक्षकखोलीत वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून तिचा डोळा लागतो, हेही मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. शाळेत फार राबवून घेतात, असं मी त्यावर म्हणालो होतो.

असं बारा वर्षं चाललं. यंदा मात्र प्रकरणाला नवं वळण लागलं.

मुलगी दुसऱ्या शहरात राहते. ती आणि जावई दोघंही नोकरी करतात. यंदा तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. रक्तदाब चढतो, म्हणाले. घरात कोणीतरी अनुभवी माणूस हवं. साहजिकच तिने आईला बोलावलं. पत्नीने शाळेत तीन महिन्यांची रजा मंजूर करून घेतली, बॅग माळ्यावरून काढली, पुसली, कपाटाशेजारी उभी केली, आणि मला म्हणाली, "तुमच्या घोरण्याचं काहीतरी मार्गी लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मी हे वाक्य तीनदा मनात फिरवून पाहिलं. लिफ्टच्या आवाजाचा त्रास होणाऱ्या माणसाला कोणी दुसऱ्या गावी नेऊन शांत खोलीत ठेवत असेल, तर तो पहिल्या गाडीने जाईल. इथे तक्रारदार म्हणत होती, की आवाज बंद होईपर्यंत मी आवाजापाशीच राहणार. सत्तावीस वर्षांत असा अर्ज माझ्यापुढे आला नव्हता. "तू गेलीस की तुला आवाज ऐकूच येणार नाही," मी समजावलं.

"तेच तर म्हणतेय," ती म्हणाली.

मला वाटलं तिला झोप कमी झाल्यामुळे सुचत नाहीये.

मग मुलीचा फोन आला. ती लहानपणापासून स्पष्ट बोलते. "बाबा, तुम्ही आईला सोडत का नाही? तुम्हाला साधा स्वयंपाकसुद्धा करता येत नाही का?"

"येतो. ती माझ्या घोरण्यामुळे अडली आहे."

"घोरण्यामुळे?" ती म्हणाली. "बाबा, मला इथे भीती वाटते हो. हे दिवसभर ऑफिसात असतात. मला आई हवीय."

मी फोन ठेवला. पोरीला आईची गरज होती आणि मध्ये आडवा मी पडलो होतो, तोही झोपेत. वाईट वाटलं. मी तक्रार पुन्हा उघडली आणि तीस दिवसांच्या मुदतीत घोरण्यावर परिणामकारक उपाय शोधून काढायचा, असा निर्णय घेतला. (पत्नी म्हणाली, "आधी डॉक्टरला दाखवू." ती हे बारा वर्षं म्हणत होती. पण आवाज हा काही आजार नव्हे. वैद्यकीय मार्ग शेवटी ठेवण्यात आला.)

पहिला टप्पा, पुरावा. पत्नीने माझं घोरणं फोनवर टिपून ठेवलं होतं. ते मी कार्यालयात नेलं आणि मिस्त्रींना ऐकवलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही. मिस्त्री आमच्याकडे माझ्याही आधीपासून आहेत. ते कान लिफ्टच्या भिंतीला लावून कोणता भाग गेलाय ते सांगतात. त्यांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं.

"साहेब, ही कुठल्या बिल्डिंगची?"

"ते गोपनीय आहे. आवाजाबद्दल बोला."

"आवाजाचं काय, आवाज येणारच. जुनं धूड आहे. पण ही मध्येच थांबतेय, साहेब. हे बघा, चढत चढत गेली आणि बंद. आता मोजा... अजून बंदच... अजून... हां, आता हिसका देऊन सुटली. ही चांगली लक्षणं नव्हेत. मी आवाजाला भीत नाही, आवाज बंद झाला की धावतो."

"मिस्त्री, तक्रार प्रवर्ग 'अ'ची आहे. जेवढं विचारलंय तेवढंच सांगा."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "तेल घाला."

दुसरा टप्पा, उपाय. हे सर्व उपाय मी मनापासून केले. ज्यांना घोरण्याचा त्रास आहे (म्हणजे दुसऱ्याच्या), त्यांना उपयोग व्हावा म्हणून निष्कर्षांसह देत आहे.

कुशीवर झोपणे. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा, म्हणजे माणूस उताणा होत नाही. पहिल्या रात्री मी कुशीवर झोपलो आणि कुशीवर घोरलो. दुसऱ्या रात्री मी चेंडूवर झोपलो. शेरा: आवाजाची दिशा बदलली, प्रमाण नाही.

पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे. यासाठी मिस्त्री स्वतः घरी आले, पातळी बघायची काचेची नळी लावून त्यांनी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले आणि उतार बारा अंशांचा असल्याचं जाहीर केलं. सकाळी मी पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेल्या अवस्थेत आढळलो. पांघरूण वरच होतं.

नाकावर लावायची पट्टी. सकाळी ती पत्नीच्या कोपराला चिकटलेली आढळली. तिथे ती कशी गेली, याचा तेव्हा मी विचार केला नाही.

वाफारा आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. नाक मोकळं झालं. मोकळ्या नाकाने आवाज जास्त खणखणीत येतो, असं तक्रारदाराचं म्हणणं पडलं.

रात्रीचं जेवण बंद. यात माझं वजन चार किलोंनी उतरलं. आवाज दुबळा झाला नाही. उलट त्यात एक प्रकारची भूक ऐकू यायला लागली.

घशाचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून रोज संध्याकाळी वीस फुगे फुगवणे. शेजारपाजारच्या पोरांत माझी लोकप्रियता वाढली, आणि एका घरून वाढदिवसाच्या तयारीसाठी रीतसर मागणी आली. घशाचे स्नायू खरोखरच बळकट झाले. ते आता पूर्वीपेक्षा जोरात काम करतात.

खास उशी. हिला मध्ये खळगा असतो आणि दोन बाजूंनी कान वर आलेले असतात. हिच्यावर डोकं ठेवलं की माणूस कोणाचं तरी लक्ष देऊन ऐकतोय असं दिसतं. माझ्या बाबतीत तेवढाच फरक पडला.

सात उपाय थकले, तेव्हा मी कक्षाच्या जुन्या, खात्रीच्या पद्धतीकडे वळलो. आवाज कमी होत नसेल तर ऐकणं कमी करावं. मी पत्नीला कानात घालायचे मऊ बोळे आणून दिले. उत्तम प्रतीचे, डबीसकट. तिने डबी उघडून बघितली आणि परत केली.

"मला ऐकू यायला हवं," ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं: 'तक्रारदारास तक्रारीचा लळा लागला असून ती सोडण्यास तयार नाही.'

नववा उपाय म्हणून मी मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेलो. दोन बंद दारं, मध्ये पॅसेज. सकाळी उठून बघतो तो दार उघडं, आणि दारात जेवणाच्या टेबलाची खुर्ची टाकून पत्नी बसलेली. अंगाभोवती शाल, मान एका बाजूला कललेली, डोळे उघडे. आवाज तिच्यापासून दूर नेला, तर तक्रारदार आवाजाच्या मागोमाग आली होती. अशा वर्तनासाठी आमच्या नियमावलीत एक शब्द आहे, 'खोडसाळ'. तो मी तिच्यापुढे उच्चारला. माझ्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी मला परत घ्यायला आवडतील, त्यांत तो शब्द पुष्कळ वर आहे.

एव्हाना आठवा महिना उजाडला होता. बॅग कपाटाशेजारी उभीच होती. मुलगी आता मला फोन करत नव्हती, फक्त आईला करत होती, आणि पत्नी बाल्कनीत जाऊन हलक्या आवाजात बोलत होती. एकदा माझ्या कानावर आलं, "येते गं बाळा, येते. बाबांना असं टाकून कशी येऊ?" मला राग आला. मी काय कुकर लावू शकत नाही?

या टप्प्यावर मी वैद्यकीय मार्ग पत्करला. हेतू एवढाच, की आवाज मर्यादेत असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा, तो पत्नीला दाखवावा आणि तिला गाडीत बसवावं. लिफ्टच्या बाबतीत असे दाखले मिळतात.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर चाळिशीच्या, घाईत असलेल्या बाई होत्या. बाहेर भरायला दिलेल्या फॉर्मवर 'तक्रार काय?' असा रकाना होता. मी नीट अक्षरात लिहिलं: 'आवाज (पत्नीस).' डॉक्टरबाईंनी ते वाचलं, माझ्या घशात बॅटरी मारली, आणि प्रश्न विचारायला लागल्या. झोपेत श्वास कोंडतो का? माहीत नाही. दचकून जाग येते का? माहीत नाही. घोरणं सलग असतं की मध्ये थांबतं? मी म्हटलं, "बाई, त्या वेळी मी हजर नसतो."

त्यांनी खुर्ची पत्नीकडे वळवली. "तुम्ही सांगा."

पत्नीने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली आणि वर्गात पायऱ्या सांगतात तसं सांगायला सुरुवात केली. "आधी घोरतात. ते वाढत जातं. आणि मग एकदम थांबतं. छाती हलत असते, पण श्वास आत जात नाही. मी मोजते. बहुतेक वेळा वीसपर्यंत येतो परत. पंचवीस झाले की मी कोपर मारते, मग ते हिसका देऊन श्वास घेतात. एकदा चाळीस झाले होते. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी हलवलं."

"रात्रीतून असं किती वेळा?"

"मोजायचं सोडून दिलं. वहीचं पान पुरत नव्हतं."

"किती वर्षं?"

"बारा."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"शाळेत," पत्नी म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. पत्नी मात्र थोडीशी हसली, ओशाळल्यासारखी. "आवाज चालू असतो तोवर मला काही त्रास नसतो हो. तेवढ्यात एखादी डुलकीसुद्धा लागते. बंद झाला की जाग येते. मुलीकडे जायचंय, पण इथे पंचवीस झाल्यावर कोण उठवणार यांना?"

मला त्या खोलीत अतिशय लाज वाटली. नियमावलीची भाषा त्या वेळी आठवेना. मी म्हटलं, "अगं, हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मुद्दा कळला."

प्रवर्ग चुकला होता. तक्रार आवाजाची नव्हतीच. आवाज थांबण्याची होती. प्रवर्ग 'क', मुदत एक तास, हातातला घास टाकून निघायचं. ती मी बारा वर्षं तीस दिवसांच्या कपाटात ठेवली होती. घोरण्यावर मी नऊ उपाय केले, त्यांपैकी एकही लागू पडला नाही. दहावा उपाय बारा वर्षं विनाखंड चालू होता, तो दर रात्री लागू पडत होता, आणि त्याच्याविरुद्ध मी मारहाणीची तक्रार केली होती.

पुढच्या गोष्टी पटापट झाल्या. दवाखान्यात एक रात्र मला तारा जोडून झोपवलं. सहा तासांत माझा श्वास दोनशे चाळीस वेळा थांबला, असं सकाळी कळलं. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही एका लिफ्टने हा आकडा गाठलेला नाही. मग एक यंत्र मिळालं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, आणि उशाशी एक डबा, जो रात्रभर मंदपणे हवा ढकलत राहतो. ते लावून मी ऑपरेशन टेबलावरून पळून आलेल्या माणसासारखा दिसतो. पण घोरत नाही, आणि थांबतही नाही.

पहिल्या दोन रात्री पत्नीला अजिबात झोप लागली नाही, कारण आवाजच नव्हता. तिचा हात वारंवार माझ्या छातीवर येई. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी उठलो, मुखवटा काढला आणि पाहिलं तर ती झोपली होती. लग्न झाल्याला तीस वर्षं झाली. तिला झोपलेलं मी इतक्या जवळून कधी बघितलं होतं, ते आठवेना. बारा वर्षं तर मी उठायचो तेव्हा ती आधीच उठलेली असायची, असं मी समजत होतो. मी चहा केला, आणला, तो निवला, परत केला, तोही निवला. साडेनऊ वाजले. ती घोरत होती. चांगलं भरदार, दोन्ही नाकपुड्यांनी. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि मध्ये थांबतंय का ते ऐकत राहिलो. थांबत नव्हतं. शेवटी डोळे उघडून ती म्हणाली, "असे काय बघत बसलात?" मी म्हटलं, "काही नाही. निरीक्षण." घोरण्याबद्दल तिला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ती मुलीकडे गेली. नात झाली, आई आणि बाळ दोघीही ठणठणीत आहेत. रोज रात्री फोन येतो. नातीची हकिकत नंतर, आधी "डबा लावला का?" लावला म्हटलं की पुढचं बोलणं. मुलीनेही एकदा फोन घेतला. "बाबा, आई इथे दिवसा झोपते. बाळापेक्षा जास्त," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, झोपू दे तिला.

कार्यालयात मी प्रवर्ग 'अ'चं कपाट उघडलं आणि गेल्या वर्षीच्या तक्रारींची दुसरी वाक्यं वाचायला बसलो. पहिल्या वाक्यात सगळीकडे आवाज होता. दुसऱ्या वाक्यात एका आजोबांनी लिहिलं होतं, 'आणि मग ती तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये जराशी खाली येते.' मिस्त्रींना पाठवलं. परत येऊन ते म्हणाले, "साहेब, दोर बदलावा लागला. बरं झालं लवकर गेलो." लवकर म्हणजे चौदा महिन्यांनी. त्यांच्याकडून तेलाबद्दल मागवलेला खुलासा मी रद्द केला आहे.

हे सगळं वाचताना आपल्याला एखादा माणूस आठवला असेल. सासरे, मेहुणा, प्रवासात वरच्या बर्थवर झोपलेला कोणीतरी. हे त्याला वाचायला द्यायला हवं, असंही मनात आलं असेल. चांगला विचार आहे. माझ्याही मनात आधी माझे वरिष्ठच आले होते. पण आपण स्वतः घोरत नाही, ही खात्री आपल्याला कशी झाली, ते एकदा तपासून बघा. घरून कोणी तक्रार केली नाही, एवढंच ना? आणि हे पुस्तक आपल्या हातात कोणी ठेवलं, तेही आठवून बघा. 'सहज चाळ, मजेशीर आहे' असं म्हणून ठेवलं असेल तर जास्त नीट आठवा. मग त्या माणसाला 'मी घोरतो का' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'थोडंसं' असं मिळतं आणि आपण दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागतो. उद्या सकाळी त्याला एवढंच विचारा, की तुला काल झोप लागली का. हा प्रश्न आपण घरात याआधी कधी विचारला होता, ते आठवायला लागेल तेवढा वेळ घ्या. मी आठ दिवस आठवत होतो.